दुसरा कीपर

डॉक्टर मुकुंद घाटे खुर्चीत बसलेले मला फारसे आठवतच नाहीत. आठवतात ते उकिडवे. कॉव्हेंट्रीच्या आमच्या हॉस्पिटलात कॅन्टीनच्या दाराशी, फ्रॅक्चर क्लिनिकच्या कॉरिडॉरमध्ये, माझ्या एक्स-रेच्या अंधाऱ्या खोलीत, जिथे म्हणून दोन मिनिटं थांबायची वेळ येई तिथे हा माणूस भिंतीपासून वीतभर सुटून उकिडवा बसे. टाय गुडघ्यांच्या मध्ये लोंबतोय, हात पुढे, तळवे किंचित उघडे. नव्या नर्सेसना वाटे, यांना चक्कर आली. एकीने धावत जाऊन पाणी आणलं. "आय अ‍ॅम व्हेरी कम्फर्टेबल, थँक यू," म्हणून त्यांनी ते पाणी पिऊन टाकलं. उकिडवेच.

मी पुण्याहून आले ती रेडिओलॉजिस्ट म्हणून. घाटे हाडांच्या विभागात होते आणि माझ्या आधी कितीतरी वर्षं होते. पहिल्याच आठवड्यात त्यांचा हात हातात घेतला आणि मी दचकले. एकही बोट सरळ नव्हतं. करंगळी एकीकडे, अनामिका भलतीकडे. पुढे ओळख वाढल्यावर मी त्या दोन्ही हातांचा एक्स-रे काढून घेतला आणि विद्यार्थ्यांना शिकवायला तो वापरत राहिले. जुनी मोडलेली हाडं किती तऱ्हांनी जुळतात ते एकाच फिल्मवर दिसे. विद्यार्थी विचारत, "ह्या पेशंटचा मोठा अपघात झाला होता का?" घाटे मागे उकिडवे बसलेले असत. ते म्हणत, "नाही, हौस होती."

हौस विकेटकीपिंगची. तरुणपणी ते राज्याच्या संघात होते, असं आम्ही मराठी मंडळात सगळ्यांना अभिमानाने सांगायचो. घाटे लगेच दुरुस्ती करत, "संघात नव्हतो. संघाबरोबर होतो." ते राखीव कीपर होते. एकामागून एक हंगाम ते संघाबरोबर हिंडले, नेटमध्ये घाम गाळला, खेळणाऱ्यांना पाणी नेऊन दिलं, आणि एकही सामना खेळले नाहीत. पहिल्या कीपरची तब्येत ठणठणीत होती.

"बाई, बॅट्समन सहा असतात," ते मला समजावून सांगत. मला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून बहुधा त्यांना मी श्रोता म्हणून आवडत असे. "बोलर चार-पाच असतात. एकाचं बिनसलं की दुसऱ्याला जागा मिळते. कीपर एकच. दुसरा कीपर म्हणजे घरातला जादा गॅस सिलिंडर. भरलेला असतो, पण त्याची आठवण कधी येते? पहिला संपल्यावर."

हे सांगताना ते हसायचे. मला मात्र हसू यायचं नाही, कारण हॉस्पिटलातही घाटे जादा सिलिंडरच होते. त्यांची पोस्ट असोसिएट स्पेशालिस्टची. म्हणजे ऑपरेशनं करायची, ज्युनिअर पोरांना शिकवायचं, अवघड मनगटं आणि चुरा झालेले घोटे जुळवायचे, आणि पेशंटच्या पलंगावरच्या पाटीवर नाव लागायचं कन्सल्टंटचं. त्या काळात आपल्याकडून आलेले निम्मे डॉक्टर अशाच कुठल्यातरी पायरीवर अडकलेले होते. वर जाता येत नाही, आणि मुलांच्या शाळा, घराचं मॉर्गेज यांमुळे परतही जाता येत नाही. कॉव्हेंट्रीच्या रिंग रोडवर नवखा माणूस जसा बाहेर पडायची वाट चुकून त्याच पुलाखालून पुन्हापुन्हा जातो, तसं चाललेलं असे.

कन्सल्टंटची जागा निघाली की घाटे अर्ज करत. इंटरव्ह्यूच्या दिवशी तपकिरी सूट, वहिनींनी कडक इस्त्री केलेला. दुपारी परत आले की आधी माझ्या खोलीत डोकावत. "काय झालं?" मी विचारी. "बॉल आलाच नाही," ते म्हणत, आणि कोट काढून एखाद्या रडणाऱ्या पोराच्या हाताला प्लास्टर घालायला जात. एकदा ती जागा त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या मुलाला मिळाली. प्लेट कशी बसवायची, स्क्रू किती पिळायचा, हे त्याला घाट्यांनी शिकवलेलं. तो त्यांचा साहेब झाला. मी संतापले. घाटे म्हणाले, "हात चांगले आहेत त्याचे." मला त्यांचाही राग आला.

वस्तू पडायला लागली की मात्र त्यांच्यातला तो दुसरा माणूस जागा होई. चर्चच्या हॉलमध्ये आमचा गणपती असे. एका वर्षी मोदकांचा मोठा डबा टेबलावरून घसरला. मी "अगं बाई" म्हणेपर्यंत घाटे दोन माणसांच्या मधून सरकले होते आणि डबा त्यांच्या पोटाशी होता. एकही मोदक फुटला नाही. डबा परत देताना त्यांनी सुलभा जोगला सुनावलं, "एका हाताने काय उचलता? दोन हातांनी. नेहमी दोन हातांनी." ते चहाचा कपसुद्धा दोन्ही हातांनी घेत. हस्तांदोलनही दोन्ही हातांनी करत.

ह्या सुलभाचा मुलगा रवी. तो तेव्हा शाळेत होता. मंडळाच्या पिकनिकला पोरं टेनिस बॉलने खेळत होती आणि रवी स्टंपांमागे माकडासारख्या उड्या मारत होता. आम्ही टाळ्या वाजवत होतो. घाटे बाजूला बसून बघत होते. ते कधीही बॉलकडे बघत नसत, कीपरच्या पावलांकडे बघत. मी म्हटलं, "काय छान झेप घेतो नाही?" ते म्हणाले, "जो फार झेपा घेतो त्याचे पाय उशिरा निघालेले असतात. पण एक गोष्ट बघा. बॉल बॅटवर बसला, कीपरकडे आला नाही, तरी तो उठताना बॉलबरोबर उठतोय. प्रत्येक वेळी. कीपर ओळखायचा तो बॉल न आल्यावर."

ही त्यांची परीक्षा. तिची कीर्ती मराठी मंडळाबाहेरही होती. आमच्या आसपास तीन-चार काउंट्यांचे क्लब आहेत. त्यातल्या एकाचा, नाव सांगत नाही, रॉन नावाचा कोच होता. तो बोट मोडून घेऊन घाट्यांकडे आला आणि मित्र होऊन परत गेला. कीपर निवडायचा असला की तो घाट्यांना मैदानावर बोलावी. घाटे उकिडवे बसून तासभर बघत आणि एका वाक्यात निकाल देत. "हा दोन वर्षांत थकेल." "ह्याला प्रेक्षक लागतात." असेच एकदा त्यांनी मोटारीच्या कारखान्याच्या संघातला एक सतरा वर्षांचा तांबूस केसांचा मुलगा बघितला होता आणि रॉनला म्हणाले होते, "ह्याला आजच घेऊन जा." तो डेरेक. रॉनने त्याला घेतला, आणि काही वर्षांत डेरेक पहिल्या संघाचा कीपर झाला. घाट्यांनी ओळखलेला पहिला माणूस.

दुसरा रवी. त्याला घडवायला त्यांनी सगळे रविवार घातले. जोगांच्या गॅरेजच्या भिंतीवर बॉल आपटायचा आणि ग्लव्हजशिवाय, नुसत्या हातांनी घ्यायचा. सुलभा खिडकीतून ओरडे, "अहो घाटे, जेवायला येऊ दे त्याला!" रवी त्याच्या तिथल्या मोडक्या मराठीत कुरकुरत म्हणे, "काका, माझी गुडघे दुखतो." घाटे म्हणत, "माझेही दुखतात. बस खाली." आधी त्याच्या झेपा सोडवल्या. मग पाय सुधारले. मग वाट बघायला शिकवलं, बॉल टप्पा घेईपर्यंत खाली राहायचं, आधी उठायचं नाही. सोळाव्या वर्षी तो मला ओळखू येईना, इतका शांत झाला होता स्टंपांमागे. अठराव्या वर्षी रॉनने ट्रायलला बोलावलं. दिवसभर बघून रॉन म्हणाला, "लव्हली हँड्स, डॉक. बॅटिंगचं काय?" घाटे म्हणाले, "बॅटिंगचं आपण उद्या बोलू." रवीला दुसऱ्या संघात घेतलं, पगारावर. सुलभाने मंडळात पेढे वाटले.

घाट्यांनी पेढा दोन हातांनी घेतला, पण चेहरा काही उजळला नाही. मला मागाहून म्हणाले, "बाई, मी काय करून बसलो कळतंय का? पुढे डेरेक आहे. त्याचं वय किती? अजून दहा वर्षं खेळेल तो. तोही मीच दिलाय." आपल्याच हाताने दोन्ही कड्या लावून घेतल्यासारखं झालं होतं.

आणि झालंही तसंच. रवी दुसऱ्या संघात खेळत राहिला. गावोगावच्या लहान मैदानांवर, वाऱ्यात, चार म्हातारे आणि एक कुत्रा यांच्यासमोर. पहिल्या संघाबरोबर राखीव म्हणून जाई, पाणी नेऊन देई, परत येई. चार हंगाम असेच गेले. त्याच्या बरोबरीची मुलं युनिव्हर्सिटीतून बाहेर पडली, नोकऱ्यांना लागली. सुलभाने पेढ्यांचं नाव काढणं सोडलं. शेवटी रॉनने घाट्यांना बाजूला घेऊन स्पष्टच सांगितलं. ह्या उन्हाळ्यात पहिल्या संघातून खेळला नाही तर सप्टेंबरात कॉन्ट्रॅक्ट संपेल, पुढे मिळणार नाही. क्लबला दोन कीपर पोसणं परवडत नव्हतं.

तो उन्हाळा घाट्यांनी कसा काढला मी बघितलंय. पेपर उघडला की आधी स्कोअर बघत, डेरेकने किती झेल घेतले ते बघत. झेल असले की "वा!" म्हणत आणि पेपर मिटून ठेवत.

जुलै संपत आला होता. एका सोमवारी सकाळी ते माझ्या खोलीत आले. हातात फिल्म होती आणि कोपऱ्यातल्या नावावर त्यांनी चिकटपट्टी लावली होती. "बाई, हे बोट कुणाचं ते विचारू नका. काय दिसतंय तेवढं सांगा."

मी फिल्म लाइटबॉक्सवर लावली. उजव्या हाताची अनामिका, मधला सांधा. "मोडलंय," मी म्हटलं. "रेघ सांध्यात गेलीय."

"पुन्हा बघा."

"अहो, दिसतंय ना. हा तुकडा सरकलाय."

"तिरकी फिल्म काढली तर वेगळं दिसेल?"

"काढा ना. घेऊन या."

ते गेले, तिरकी फिल्म काढून आणली. तुकडा आणखी स्पष्ट दिसत होता. तार घालावी लागणार, सहा आठवडे तरी बोट हलवायचं नाही, नाहीतर कायमचं वाकडं आणि ताठ राहील, हे मी सांगितलं. घाट्यांना ते माझ्याहून चांगलं कळत होतं. आयुष्यात पहिल्यांदाच मी एका हाडांच्या डॉक्टरला, फ्रॅक्चर नसावं म्हणून रेडिओलॉजिस्टशी हुज्जत घालताना बघत होते. मग ते भिंतीला पाठ लावून खाली बसले. नेहमीसारखे उकिडवे नाही, सरळ फरशीवर, पाय पसरून.

"डेरेकचं आहे," ते म्हणाले. "काल लागलं. गुरुवारी मॅच आहे. कन्सल्टंटसाहेबांनी फिल्म बघितली. म्हणाले, बारीक कपचा आहे, शेजारच्या बोटाला पट्टीने बांधा आणि खेळू द्या."

"मग तुम्ही सांगा ना, नाही म्हणून."

"मी सांगू? बाई, ह्या बोटाने रवीला जागा मिळते. साऱ्या क्लबला ठाऊक आहे तो पोरगा माझा आहे म्हणून. मी 'खेळू नकोस' म्हटलं तर कोण ऐकेल? आणि गप्प बसलो तर ह्या माणसाचा हात जाईल." मग ते हळू आवाजात म्हणाले, "तिकडे असताना मी हंगामच्या हंगाम पहिल्या कीपरचं बोट मोडावं म्हणून मनातल्या मनात वाट बघितलीय. कुणाला कधी सांगितलं नाही. तेव्हा देवाने ऐकलं नाही, ते आता ऐकलं."

मी साहेबांना फोन लावला. ते सौजन्याने म्हणाले की माझा रिपोर्ट ते जरूर वाचतील, पण याहून वाईट बोटं घेऊन माणसं खेळली आहेत. तेवढ्यावर फोन संपला. घाटे उठले, फिल्म काढून घेतली आणि क्लिनिकमध्ये गेले. मी मागोमाग गेले.

डेरेक पलंगाच्या कडेला पाय हलवत बसला होता. चांगला हसरा, मोठ्या कानांचा माणूस. घाट्यांनी फिल्म उजेडात धरून त्याला रेघ दाखवली आणि सगळं सांगितलं. साहेबांचं मत वेगळं आहे, हेही सांगितलं. "आणि रवी माझा शिष्य आहे, तू बसलास तर त्याला मॅच मिळेल, हे तुला माहीत आहे. तरी सांगतो, खेळू नकोस."

डेरेकचं हसू हळूहळू गेलं. तो घाट्यांच्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघत राहिला. "तुम्ही असंच म्हणणार, नाही का, डॉक?" तो म्हणाला.

मी मध्ये पडून माझं मत सांगितलं. त्याने मान डोलावली. पण मी पडले घाट्यांच्याच गावची, त्यांच्याच भाषेतली. त्याने पट्टी बांधून घेतली आणि गुरुवारी खेळायला गेला.

मॅचच्या दुसऱ्या दिवशी लंचच्या आधी त्याच अनामिकेवर बॉल बसला आणि तो ग्लव्ह काढून मैदानाबाहेर आला. पुढची मॅच रवी खेळला, आणि त्यापुढच्या साऱ्या. बॅटिंगही बरी केली पठ्ठ्याने. सप्टेंबरात त्याला नवं कॉन्ट्रॅक्ट मिळालं, आणि सुलभाने पुन्हा पेढे केले. डेरेकचं बोट जुळलं, पण मधल्या सांध्यात वाकडं झालं ते झालंच. पुढच्या हंगामात तो आला तेव्हा पहिल्या संघात जागा नव्हती.

हॉस्पिटलात घाट्यांना साहेबांनी बोलावून घेतलं. पेशंटला परस्पर वेगळा सल्ला दिला, तोही स्वतःचा संबंध असताना, हे बरं दिसत नाही, असं काहीसं ते बोलले. त्यानंतर एक जागा निघाली. वहिनींनी तपकिरी सूट कपाटातून काढून ठेवला. घाट्यांनी अर्जच केला नाही.

मी त्यांच्याशी भांडले. "तुमचं म्हणणं खरं ठरलं ना? मग तुम्ही का तोंड लपवताय?"

"खरं होतं," ते म्हणाले. "पण मला ते हवंही होतं. त्याला ते माझ्या तोंडावर दिसलं असणार. कीपरला समोरच्या माणसाचं सगळं दिसतं."

रवी पहिल्या संघात रुळला. त्याची मॅच टीव्हीवर लागली की सारं मंडळ कुणाच्या तरी घरी जमे. घाटे यायचे नाहीत. रवी मला फोन करून विचारी, "मावशी, काका का नाही येतो? मी त्यांना तिकीट पाठवली." मी काहीतरी थाप मारी. वहिनी मात्र म्हणत, "घरात कुठे असतात? शनिवार-रविवार आला की सकाळपासून बाहेर."

ते रिटायर झाले त्या वर्षीच्या मे महिन्यात एकदा वहिनींनी मला फोन केला. ते गोळ्या घरी विसरून गेले होते. रग्बी गावाच्या बाजूला एका शाळेच्या मैदानावर असतील, म्हणाल्या. मी गाडी काढली. गार वारा, राखाडी आभाळ, दुसऱ्या संघाची मॅच. दहाबारा माणसं इकडेतिकडे घोंगड्या पांघरून बसलेली. साइटस्क्रीनच्या पांढऱ्या पडद्याच्या बाजूला, बाउंडरीच्या दोरीला लागून घाटे उकिडवे बसले होते. अंगात जाड कोट, गळ्यात मफलर. स्टंपांमागे डेरेक होता. क्लब त्याला आता मॅचपुरते पैसे देई.

बॅट्समन प्रत्येक बॉल अडवत होता. डेरेककडे एकही येत नव्हता. तरी दर बॉलला तो बॉलबरोबर उठत होता आणि पुन्हा खाली बसत होता. ओव्हर संपली की घाटे लोकरी हातमोज्यांनी हळूच टाळ्या वाजवत. आवाजही होत नव्हता.

मी गोळ्या दिल्या. "दर वेळी येता?"

"हो."

"तो बोलतो तुमच्याशी?"

"नाही."

"मग कशाला येता? तिकडे रवी तिकिटं पाठवतोय."

"रवीला बघायला पुष्कळ लोक आहेत," घाटे म्हणाले. "ह्याच्याकडे सकाळपासून बॉल आलेला नाही. कुणीतरी बघायला नको का?"

मला त्यांचा राग आला नाही. पहिल्यांदाच आला नाही. मी त्यांच्याशेजारी गवतावर बसले.

चहाची वेळ झाली. खेळाडू आमच्या अंगावरूनच पॅव्हेलियनकडे निघाले. घाटे उठायला गेले आणि उठवेना. गुडघे धरले होते. मी हात देणार एवढ्यात पुढे एक सावली आली. डेरेक थांबला होता. त्याने उजव्या हातातला ग्लव्ह काढला, काखेत मारला, आणि हात पुढे केला. अनामिका मधून बाहेर वळलेली होती.

घाट्यांनी तो हात दोन्ही हातांनी धरला. डेरेकने त्यांना उभं केलं. घाट्यांनी हात मात्र सोडला नाही. डॉक्टरी सवयीने त्यांचा अंगठा त्या वाकड्या सांध्यावर गेला, वर, खाली, बाजूला. डेरेक तपासू देत होता.

"सांगितलं होतंत तुम्ही, डॉक," तो म्हणाला.

"मला ते हवंही होतं, डेरेक."

"माहीत आहे," डेरेक म्हणाला. "तरी सांगितलंत."

त्याने हात सोडवून घेतला, ग्लव्ह चढवला आणि बाकीच्यांमागे चहाला गेला. घाटे दोरीपाशी उभे होते. दोन्ही हात अजून पुढे, तळवे किंचित उघडे.